हवेची खोली

आमच्या मालकीच्या दोन खोल्या समुद्रावर होत्या, हे आम्ही चाळीत फारसं सांगत नसू. सांगितलं असतं तरी कुणाला खरं वाटलं नसतं. डिलाईल रोडच्या चाळीतल्या एका खोलीत आई, बाबा, मी, माझे दोघे धाकटे भाऊ आणि वर आईच्या खानावळीत जेवायला येणारे गिरणीतले गाववाले. पाळी सुटली की जिन्यापासून वहाणांची रांग लागायची. ज्या घरात अंग टेकायला जागा नाही, त्या घराची समुद्रावर जागा आहे म्हटल्यावर लोक हसणारच. शिवाय त्या खोल्यांत आम्ही कधी राहिलोच नव्हतो. तिथे राहायचे ते दुसरे लोक, आणि ते यायचे हवा पालटायला.

हल्लीच्या पोरांना हवापालट म्हणजे काय ते सांगून कळत नाही. त्या काळी टायफॉईडमधून उठलेला मुलगा, बाळंतपणात खंगलेली सून, डांग्या खोकल्याने बेजार झालेलं लेकरू, दम्याचे म्हातारे, अशांना डॉक्टर औषधाच्या जोडीला समुद्राची हवा सांगायचे. ज्यांची ऐपत असायची ते दूर कुठेतरी जायचे. ज्यांची नसायची ते कुणाच्या तरी ओळखीने आमच्याकडे यायचे. प्रभादेवीच्या पुढे, वरळीच्या अंगाला, एका पारशी बंगल्याच्या कंपाउंडाच्या शेवटाला, जिथे नारळाची झाडं संपून वाळू सुरू होते, तिथे या आमच्या खोल्या. एक पुढची, एक मागची, आणि पुढच्या खोलीला समुद्राच्या तोंडावर लाकडी गॅलरी. भरतीला लाटेचे तुषार गॅलरीच्या कठड्यापर्यंत यायचे.

माझ्या आईचा मामा त्या बंगल्यात आयुष्यभर स्वयंपाकी होता. बंगल्याची मालकीण, एक म्हातारी पारशीण, मरताना नोकरांच्या या दोन खोल्या त्याच्या नावे करून गेली. मामाने लग्न केलं नव्हतं. तो गेला तेव्हा त्याने त्या आईच्या नावे केल्या. बाबा त्या जागेला कधी ‘आपली जागा’ म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, “बायकोच्या मामाची जागा.” आणि म्हणताना नाक असं उडवायचे की जणू मामाने खोल्या नाही, एखादा रोग ठेवला होता.

आईने मात्र त्या खोल्यांचं सोनं केलं. दादरच्या एका डॉक्टरच्या बायकोशी तिची भाजीबाजारात ओळख झाली आणि तिथून माणसं यायला लागली. दिवाळीपासून होळीपर्यंत मोठा हंगाम, मग मे महिन्याची सुट्टी. पावसाळ्यात बंद. पाऊस लागायच्या आत गॅलरीला नारळाची झापं बांधून ती पुरती झाकून टाकावी लागायची, नाहीतर खारं पाणी लाकूड खाऊन टाकायचं. समुद्रावर जागा असणं ही काय कटकट असते ते ज्याची जागा आहे त्यालाच ठाऊक. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही, कड्याकोयंडे गंजतात, चादरी धुऊन वाळवल्या तरी दमट आणि वाळू तर जाईल तिथे. आई दर आठवड्याला खोबरेल तेलाची वाटी घेऊन जायची आणि सगळ्या कड्यांना, बिजागऱ्यांना तेल पुसायची. बाकीचे दिवस बंगल्यामागच्या वाडीतली एक कोळीण पाणी भरायची आणि किल्ली सांभाळायची. तिला आम्ही मावशी म्हणायचो. मावशी पाहुण्यांची पारख पायरीवरच करायची. “ह्यो टिकंल,” म्हणायची, नाहीतर, “ह्यो दोन दिसांत पलंल.” आणि सहसा तिचं खरं व्हायचं.

पाहुण्यांसाठी आईचे नियम होते. पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही. खोलीत विडी-सिगारेट ओढायची नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, जो तिने पाहुण्यांवर नाही, स्वतःवर घातला होता: पहिल्या दिवशी पाहुण्याची चूल पेटू द्यायची नाही. ज्या दिवशी माणूस येईल त्या दिवशीचा डबा आमच्या खानावळीतून जायचा. मासे खाणाऱ्याला मासे, न खाणाऱ्याला वरण, भात, एखादी उसळ आणि सोलकढी. “आजारी माणूस सामान लावीत की चूल फुंकीत?” असं तिचं म्हणणं. हा डबा पोचवायचं काम माझ्याकडे. तेव्हा मी नुकतीच म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते, साडी सांभाळत, डबा सांभाळत, पूल ओलांडून वरळी नाक्यावरून चालत जायची आणि मनातल्या मनात आईला बोल लावायची. मला त्या खोल्यांचा राग होता. आमच्या घरातला सगळा वारा आम्ही परक्यांना भाड्याने देतो असं मला वाटायचं. आई स्वतः तर तिथे जाऊनही गॅलरीत कधी बसली नाही. आली की समुद्राकडे पाठ करून चादरी मोजायची, झाडायची, घडी घालायची आणि परत खानावळीच्या वेळेला घर गाठायची.

दर वर्षी दिवाळी झाली की दादरच्या त्याच डॉक्टरांच्या ओळखीने एक गुजराती मास्तर यायचे. सुरतेकडच्या कुठल्यातरी गावात शाळामास्तर होते, निवृत्त झालेले, बायको वारलेली, आणि छातीत दमा असा की बोलता बोलता वाक्याच्या मध्यात थांबून श्वासाची वाट बघायचे. दिवाळी ते होळी पुढची खोली त्यांची. आई त्या महिन्यांना ‘मास्तरांचे महिने’ म्हणायची. मी पहिल्यांदा डबा नेला तेव्हा त्यांनी सोलकढी चाखली, डोळे मिटले आणि म्हणाले, “दीकरी, आ शूं छे? हे औषध आहे की जेवण?” मीही शिक्षिका हे कळल्यापासून तर ते मला सोडेनात. वर्गात मागे बसणाऱ्या मुलांना कसं बोलतं करायचं हे मला त्यांनी शिकवलं, दोन वाक्यांमध्ये धापा टाकत.

मग चळवळीचे दिवस आले. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणत आमचा सगळा रस्ता उठला. बाबा तर आधीपासूनच त्यात. गिरणीत ते कापूस पिंजायच्या खात्यात होते. अंगावर, भुवयांवर, कानांच्या केसांवर पांढरी तूस घेऊन घरी यायचे आणि तोंड धुवायच्या आधी नाक्यावरच्या सभेला जायचे. काही दिवस तुरुंगातही जाऊन आले. गोळीबार झाला त्या हिवाळ्यात मास्तर आले नाहीत. कसे येणार? दुसरे पाहुणे विचारत होते, डॉक्टर माणसं पाठवत होते, पण आईने पुढची खोली कुणाला दिली नाही. बाबांच्या डोक्यात तिडीक गेली.

“हयसर आमची पोरां गोळये खातत आणि तू गुजरात्यासाठी खोली रिकामी ठेवतस?”

आई पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, “तेंका मुंबय नको हा. तेंका वारो व्हयो.”

बाबा तसेच उठून सभेला गेले. पण बाबा मनाने वाईट नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याच सुमाराला नाक्यावर त्यांनी भाषण केलं, ते मी चाळीच्या गॅलरीतून ऐकलं. आपलं भांडण दिल्लीशी आहे, म्हणाले, पोटासाठी इथे आलेल्या गरीब गुजरात्याशी नाही. आपल्या भागात एकाही गुजराती माणसाला भीती वाटली तर त्याने माझ्याकडे यावं, मी त्याच्या दाराशी बसेन. टाळ्या पडल्या. मला बाबांचा इतका अभिमान वाटला की पुढच्या वर्षी मास्तर आले तेव्हा पहिल्या डब्याबरोबर मी ते भाषणही त्यांना सांगून टाकलं. मास्तरांनी ते लक्षपूर्वक ऐकलं. चांगला विद्यार्थी ऐकतो तसं.

बाबांचा खोकला आम्हाला बरीच वर्षं ऐकू येतच नव्हता. आमच्या चाळीत प्रत्येक घरात एक खोकणारा होता, त्यामुळे खोकला म्हणजे नळाच्या आवाजासारखाच. पण एका वर्षी दसऱ्याच्या सुमाराला बाबा जिन्यात मध्येच बसले. वर येता येईना. ओठ काळेनिळे. गाववाल्यांनी उचलून आणलं. त्यानंतर गिरणी सुटली ती सुटलीच. चाळीच्या खोलीत, आईच्या चुलीच्या धुरात, भिंतीला टेकून ते दिवसभर बसायचे आणि श्वास आत घेताना त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. मला शाळेत शिकवताना तो आवाज ऐकू यायचा. मला भीती वाटत होती, सरळ सांगते. बाबा आमच्या डोळ्यांदेखत बुडत होते आणि आम्ही त्यांना पाण्याच्या ग्लासाशिवाय काही देऊ शकत नव्हतो.

आई त्यांना दादरच्या डॉक्टरांकडे जा म्हणाली. ते एकटेच गेले. बायकोला बरोबर नेणं त्यांच्या नियमात नव्हतं. डॉक्टरांनी छाती तपासली, आणि त्यांना काय ठाऊक हा माणूस कुणाचा कोण? म्हणाले, “औषध देतो, पण खरं औषध हवा. धूर आणि कापूस सोडा. समुद्रावर दोनचार महिने जाऊन राहा. वरळीकडे एका बाईच्या खोल्या आहेत. बाई कडक आहे, पण जागा स्वच्छ. माझं नाव सांगा, पहिल्या दिवशी जेवणही देते.”

बाबा घरी आले आणि हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता की माझे भाऊ फिस्सकन हसले. आईही हसली. मग सगळ्यांना हसू आलं, बाबांनाही, आणि हसता हसता त्यांना असा खोकला लागला की मी पाण्याचा पेला घेऊन धावले.

“मग जावा ना,” आई म्हणाली.

“मी?” बाबा घोटभर पाणी प्यायले. “बायकोच्या मामाच्या जागेत? मी काय घरजावय आसंय? चाळ काय म्हणतली?”

“चाळ चार दिवस बोलतली. पुढे?”

“आणि तुझे मास्तर येतले ना आता? तेंचे महिने. मग झाला तर.”

हे त्यांनी असं म्हटलं की जणू मास्तरांनीच त्यांची सुटका केली. मला इतका संताप आला! वर्षानुवर्षं आम्ही परक्या माणसांना श्वास पुरवतोय, आणि घरातल्या माणसाने घ्यायचा तर त्याचं नाक कापलं जातं. मी तोंड उघडलं, पण आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. आई कुणाशीही मान-अपमानावरून वाद घालत नसे. तिचं म्हणणं, ज्या दाराला आतून कडी आहे ते बाहेरून ढकलून काय होणार?

दिवाळीनंतर मास्तर आले. पहिल्या दिवशीचा डबा मी नेला आणि त्यांनी बाबांबद्दल विचारलं तेव्हा मला रडू आलं. घरात रडायला जागा नव्हती, म्हणून असेल. मास्तरांनी डबा बंद केला. “उद्या खाईन,” म्हणाले. “आज भूक नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या चाळीत एक धोतर, काळी टोपी आणि काठी जिना चढत आली. तेव्हा गोष्टी जरा निवळल्या होत्या, राज्य वेगळं होणार अशी बोलणी पेपरांत येत होती, तरीही डिलाईल रोडच्या चाळीत गुजराती म्हातारा एकटा चालत येणं म्हणजे सगळ्या गॅलऱ्यांत माणसं उभी राहणार. मास्तर प्रत्येक मजल्यावर थांबून श्वास घेत होते. आमच्या दारात आले तेव्हा त्यांच्या छातीतून शिट्टी वाजत होती आणि आतून बाबांची. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“भाई,” मास्तर म्हणाले, “मी तक्रार घेऊन आलो.”

आईने पाट दिला. मी पाणी दिलं.

“तुमची खोली चांगली आहे. बेन चांगल्या आहेत. पण मी एकटा म्हातारा, गुजराती, समुद्राच्या काठावर. आता राज्याचा निकाल लागायचा. निकालाच्या टायमाला माणसांची डोकी गरम होतात. रात्री झाडाचा नारळ पडला तरी मला वाटतं, कोणी आला.” थांबले, श्वास घेतला. “तुम्ही सभेमधे सांगितलं होतं ने, ज्याला भीती वाटेल त्याने माझ्याकडे यावं? तर मी आलो.”

दारात आता निम्मी चाळ उभी होती. बाबा आपल्याच शब्दांत पुरते सापडले. ते उठले, खुंटीवरचा कोट काढला, कोपऱ्यातली काठी घेतली आणि आईला म्हणाले, “दोन कपडे दी. मी राखणीक जातंय.”

घरजावई म्हणून नाही, आजारी म्हणूनही नाही. राखणीला! चाळीतल्या एकानेही दात काढले नाहीत. उलट दोघे गाववाले त्यांना वरळीपर्यंत सोडायला गेले.

आता राखणदार आतल्या खोलीत झोपेल कसा? बाबांनी गॅलरीत बाक टाकला, समुद्राच्या ऐन तोंडावर, जिथला वारा मास्तरांनाही सोसायचा नाही. दम्याच्या माणसाजवळ विडी ओढायची नाही, म्हणून विडी सुटली. आईने जे डॉक्टरांच्या तोंडून, स्वतःच्या तोंडून, देवाच्या तोंडून म्हणून पाहिलं होतं ते सगळं मास्तरांच्या एका तक्रारीने झालं. मास्तर खरोखर घाबरले होते की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. एकदा मावशीला विचारलं, तर ती टोपलीत मासळी लावता लावता म्हणाली, “घाबरतोय कसला! रातचा घोरतोय न् तुजा बापूस काठी घेऊन बसतोय.”

संध्याकाळी शाळा सुटली की मी कधी कधी तिकडे जायची. दोघे गॅलरीत बसलेले असायचे, मास्तर रजईत गुरफटून खुर्चीवर, बाबा काठी मांडीवर घेऊन बाकावर, आणि दोघांचं भांडण चाललेलं. मुंबई कुणाची, यावर. मास्तर मुद्दा मांडायला लागले की अर्ध्यात दम लागायचा. बाबा ते संपायची वाट बघायचे आणि उत्तर द्यायला लागले की त्यांना खोकला. मग मास्तर वाट बघायचे. महिनोन्महिने तो वाद चालला आणि एकदाही पुरा झाला नाही. एकदा कंटाळून मास्तर म्हणाले, “जाऊ द्या भाई. मुंबई तुमची. हवा अर्धी माझी.” बाबांनी यावर फार विचार केला आणि “चलात, कबूल,” म्हणाले.

त्या हिवाळ्यात बाबांच्या ओठांचा रंग परत आला. होळीपर्यंत ते मावशीच्या दारापर्यंत चालत जाऊन परत येऊ लागले, न थांबता. शिट्टी होती, पण तिच्यात आता घाई नव्हती. होळीनंतर मास्तर गावी जायला निघाले. त्यांनी आपली जाड रजई या खेपेला बरोबर नेली नाही, पेटीत घालून ठेवली. बाबांना म्हणाले, “दिवाळीला येतो. राखण चालू ठेवा.”

मग महाराष्ट्र झाला. त्या दिवशी आमचा रस्ता कसा होता ते मी काय सांगू? चाळीचाळींवर तोरणं, दिवे, लेझीम, गुलाल, पेढे वाटून हात चिकट झालेले. बाबा वरळीहून आले. माणसांनी त्यांना खांद्यावर घ्यायला पाहिलं, तर म्हणाले, नको रे, श्वास जाईल. पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. मी त्यांना तितकं सुखी कधी पाहिलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काठी कोपऱ्यात उभी केली, कोट खुंटीला लावला आणि भिंतीला टेकून आपल्या जुन्या जागी बसले.

“संपली राखण,” म्हणाले. “मास्तर गेले. राज्य झाला. आता कोणाक कोणाची भीती?”

जे मिळावं म्हणून हा माणूस इतकी वर्षं घसा फोडत होता ते मिळालं, आणि ते मिळाल्याबरोबर त्याचं श्वास घ्यायचं निमित्त गेलं. आई चुलीपुढे होती. धूर खोलीभर. बाबा खोकायला लागले. आईने भात उतरवला, पाळीची माणसं जेवून गेली, भांडी झाली. मग पदराला हात पुसत ती सहज म्हणाली, “पाऊस येतलो आता. झापां बांधूक व्हयी.”

“माणूस सांग कोणतरी.”

“माणूस बांधता आणि जाता. वारो सुटलो की झाप उडता. मग पाणी थेट आतल्या पेटयेत. मास्तरांची रजय हा तेच्यात. दिवाळीक येतीत आणि बघतीत, रजय कुजलेली.” तिने पदर खोचला. “तेंनी तुमका राखण चालू ठेवा म्हणान सांगल्यानी होता.”

बाबांनी खुंटीवरचा कोट काढला. मग म्हणाले, “पावसापुरता जातंय.”

पावसापुरते गेले आणि परत आले नाहीत. झापांआड, दमट अंधारात, मावशीच्या हातची मासळी खात त्यांनी पावसाळा काढला. नवरात्र झालं तसं झापं सोडली, गॅलरी घासली, कड्यांना तेल पुसलं, रजई उन्हात टाकली. आईने एकदा त्यांना म्हटलं, “तुमीच पांघरा ती, नायतर कसर लागात.” तर भडकले. “मास्तरांची आसा ती!” मला तेव्हा आईचं ते म्हणणं फक्त विचित्र वाटलं, कारण आई दुसऱ्याची वस्तू कधी कुणाला वापरू द्यायची नाही.

दिवाळी झाली. मास्तर आले नाहीत. आई म्हणाली, आता दुसरं राज्य, यायला वेळ लागत असेल. त्याच्या पुढच्या दिवाळीला म्हणाली, म्हातारं माणूस, मुलं सोडत नसतील. मागच्या खोलीत पाहुणे येत राहिले, पहिल्या दिवसाचे डबे जात राहिले, पण पुढची खोली बाबा दिवाळी ते होळी कुणाला देऊ देईनात. आईनेही कधी हट्ट धरला नाही. हंगामातली सगळ्यात चांगली खोली रिकामी, आणि त्या खोलीचा राखणदार गॅलरीत बाकावर झोपलेला. डॉक्टर माणसं पाठवायचे आणि आई नाही म्हणायची. “ते मास्तरांचे महिने,” सांगायची. एकेकाळी याच गोष्टीवरून घर डोक्यावर घेणारे बाबा आता तेच, त्याच शब्दांत पाहुण्यांना सांगायचे. समुद्रावर फिरायला आलेल्या माणसांशी गप्पा मारायचे, मावशीच्या नातवाला पोहायला जायला बंदी करायचे आणि दर वर्षी दसरा झाला की रजई उन्हात टाकायचे.

अशी पुष्कळ वर्षं गेली. माझं लग्न झालं, भाऊ मिळवते झाले, आईने खानावळ कमी केली, पण चाळ सोडली नाही. बाबांच्या बरोबर कापूस पिंजणारे त्यांच्या खात्यातले एकेक करून गेले. बाबा राहिले. एका सकाळी मावशीने चहा नेला तेव्हा ते बाकावर समुद्राकडे तोंड करून बसलेले होते, काठी मांडीवर. चहा प्यायले, कप खाली ठेवला आणि मान टेकली. मावशी म्हणाली, खोकलेसुद्धा नाहीत.

दिवस झाले. आई आणि मी खोल्या आवरायला गेलो. आईने पुढच्या खोलीची खिडकी उघडली, पेटी उघडली, रजई काढली. कडुनिंबाचा पाला झटकला. एवढ्या वर्षांत तिला एक भोक पडलं नव्हतं.

“ह्या दिवाळीक पुढची खोली देऊन टाक कोणाक तरी,” आई म्हणाली.

“आणि मास्तर आले तर?” मी विचारलं. खरंच विचारलं. इतक्या वर्षांची सवय.

आई रजईची घडी घालत होती. “मास्तर गेले गो बाय. राज्य झाला त्याच वरसाक, श्रावणात. तेंचो झील मुंबयेक इल्लो तेव्हा डॉक्टरांका सांगान गेलो. डॉक्टरांनी माका सांगल्यानी.”

मास्तरांचा मुलगा येऊन सांगून गेला होता, आणि मला ते आज कळत होतं. पाठोपाठच्या सगळ्या दिवाळ्या माझ्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. घासलेली गॅलरी, तेल लावलेल्या कड्या, रस्त्याकडे बघत उभे असलेले बाबा. मी चिडले. म्हणाले, “आणि तू बाबांना सांगितलं नाहीस? इतकी वर्षं त्यांना वाट बघायला लावलीस?”

आईने रजई पेटीवर ठेवली.

“सांगला आसता,” ती म्हणाली, “तर खंय रवले आसते ते हयसर?”

मग ती गॅलरीत गेली आणि बाबांच्या बाकावर समुद्राकडे तोंड करून बसली. तिला तिथे बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.